आधी सोनं, मग चांदी

तुमच्या ओंजळीत आजीच्या दोन पाटल्या आहेत. कारंजा लाडच्या सराफा ओळीतलं हे दुकान बाहेरून काचेचं झालं, तरी आतली खोली तुम्ही लहानपणी पाहिली तशीच आहे. एरण तिथेच, सांडशी तिथेच, बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी कोपऱ्यात. फुंकणी भिंतीला टेकून उभी आहे. आता ती कुणी फुंकत नाही, तिच्या जागी गॅसची नळी आली. सोनारकाका चष्मा कपाळावर ढकलतात आणि काळ्या कसोटीवर एका पाटलीचा कस ओढतात, शेजारी दुसरीचा. दोन रेघा उमटतात. एक तांबूस, दुसरी फिकट, पिकत आलेल्या लिंबाच्या सालीसारखी.

"ही तांब्याच्या हिणाची," ते म्हणतात, "आन् ही चांदीच्या. दोन वेगळ्या हातच्या हायेत. एकत्र आटवू?"

तुम्ही मान हलवता, आणि मग राहवत नाही म्हणून विचारता, "आटवल्यावर कोणतं सोनं कोणत्या पाटलीतलं, ते ओळखता येईल का काका?"

"मुशीत गेलं का त्याले काई आठवत नाही, बापा. कुठून आलं, कोन आधी आलं, सारं पुसून जाते."

हे वाक्य गाठीला बांधून ठेवा. आज त्याचाच कस लावायचा आहे.

पाटल्या मुशीत पडतात, वरून चिमूटभर टाकणखार. ज्योत निळी होते. सोनं १,०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १,०८५ ला, चांदी ९६२ ला, पण मिश्रणाला यातला एकही आकडा बांधून ठेवत नाही. सोनं आणि तांबं एकमेकांत असले की दोघंही एकटे वितळले असते त्याच्या कितीतरी आधी पाघळतात. आधी कडा बोथट होतात, मग नक्षी बसते, मग गोलाई जाते. ती गोलाई तुमच्या आजीच्या मनगटाची होती.

सोनं कुणी फेकत नाही. ते मोडतात, आटवतात, गहाण टाकतात, सोडवतात, पुन्हा घडवतात. म्हणून या लाल थेंबातला एखादा अणू किती हातांतून आला असेल, याला मर्यादा नाही. त्यातल्या एकाचा माग धरून तुम्ही मागे निघता. ज्योतीचा आवाज तेवढा राहतो, भिंती सरतात.

पायाखाली काळी माती आहे. समोरच्या नगराला अजून कुणी वाशीम म्हणत नाही. हे वत्सगुल्म. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध चालू आहे. वाकाटकांच्या धाकट्या शाखेची ही राजधानी. या शाखेचा पहिला राजा सर्वसेन, त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य रचलं. आता त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती गादीवर आहे आणि त्याच्या राज्याचं सदतिसावं वर्ष सुरू आहे. पडवीत एक जण तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरतो आहे. नांदीकडाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या बाजूचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची ही सनद. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, व्यवहाराचा भाग प्राकृतात. हे पत्रे पुढे नजरेआड होतील आणि १९३९ साली याच गावी पुन्हा उजेड पाहतील. छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याला तांब्याची बारीक ठिणगीएवढी कपची उडते आणि तुमच्या पायाशी पडते.

तुम्ही मात्र त्याच्या पलीकडे बसलेल्या सुवर्णकाराकडे वळता. त्याच्या मुशीत तीन भाग सोनं आहे आणि एक भाग तांबं. तो लाल तुकडा सांडशीने उचलतो आणि तसाच पाण्यात सोडतो. चर्र आवाज होतो, वाफ उठते. मग तो तुकडा एरणीवर ठेवून ठोकतो, आणि तुकडा कणकेसारखा पसरतो. शेजारी त्याच ओतातला दुसरा तुकडा आहे. तो राखेत हळूहळू निवत राहिला होता. त्यावर हातोडी पडते आणि काठाला तडा जातो. सुवर्णकार काही बोलत नाही, तो तुकडा पुन्हा मुशीत टाकतो.

एकाच मुशीतलं सोनं, एकाच वजनाचं तांबं, आणि स्वभाव दोन. असं का झालं, हे त्याच्या हातांना ठाऊक आहे. तुम्हाला त्यामागची गोष्टही ठाऊक आहे. सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिप्पट जड, म्हणून वजनाने तीनास एक घेतलं की अणू जवळजवळ सारखे भरतात. तापलेल्या धातूत ते कसेही बसलेले असतात. सावकाश निवू दिलं, तर साधारण ४०० अंशांच्या आसपास ते रांगा लावू लागतात. एक थर सोन्याचा, एक तांब्याचा, पुन्हा सोन्याचा. या शिस्तीने धातू ताठर होतो आणि ठोक्याला चिरतो. पाण्यात बुडवलं की रांगा लावायला उसंतच मिळत नाही. रशियन रसायनतज्ज्ञ निकोलाय कुर्नाकोव्ह यांनी १९१६ साली सोने-तांब्यातला हा बदल मांडला. सोनार मात्र पाण्याची कढई शेजारी घेऊन फार आधीपासून बसत आले आहेत.

म्हणजे काकांच्या वाक्याला पहिला ओरखडा इथे पडला. मूस विसरते हे खरं, पण निवायला किती वेळ मिळाला होता, ते धातूत राहतं.

याच शतकात इथून फार दूर, रोमन साम्राज्यात, काच ओतणाऱ्या कुणाच्या तरी हाताखाली एक पेला तयार झाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याला लायकर्गसचा पेला म्हणतात. समोरून उजेड पडला की तो पोपटी हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला की माणकासारखा लाल. विसाव्या शतकात त्याच्या काचेचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला, तेव्हा आत धातूचे कण सापडले. त्यांत चांदी जास्त, सोनं कमी, थोडं तांबं, आणि प्रत्येक कण मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. त्या कारागिराने हे कण पाहिले नव्हते, पाहणं शक्यच नव्हतं. तरी सोने-चांदीचं नॅनो मिश्रण त्याच्या भट्टीत तयार झालं. वत्सगुल्मात ताम्रपट कोरला जात होता तो काळ आणि त्या पेल्याचा काळ एकमेकांना लागून आहेत. मला हे फार सुंदर वाटतं. इथले हात आणि तिथले हात, दोघंही त्याच धातूंशी बोलत होते.

ज्योतीचा आवाज पुन्हा मोठा होतो. आता १६७० सालचा हिवाळा आहे आणि तुम्ही परत कारंज्यात आहात. मोगलांच्या वऱ्हाडातली ही श्रीमंत पेठ. ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून, दिंडोरीजवळ मोगली फौजेशी लढून शिवाजी महाराज आता इकडे आले आहेत. गल्लीत घोड्यांच्या टापा आहेत, दारं लागली आहेत. इतिहासकार यदुनाथ सरकारांनी लिहून ठेवलं आहे की चार हजार बैल आणि गाढवांवर उंची कापड, चांदी आणि सोनं लादून नेलं गेलं, किंमत एक कोट रुपयांच्या घरात. गावातले सगळे धनवंत हाती लागले, सर्वांत मोठा तेवढा बायकी वेषात निसटला, कारण महाराजांच्या फौजेत बायकांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

एका ओसरीत गोणीचं तोंड सुटलं आहे. तुम्ही वाकून एक नाणं उचलता. पातळ, मऊ, साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शंभर नंबरी. त्यावर माणसांच्या आकृती आहेत. हे व्हेनिसचं डुकाट. आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले, आणि अशा पुतळ्या ओवूनच पुतळ्यांची माळ झाली. त्या नाण्याला तांब्याचा स्पर्शही नाही, म्हणून नखाने दाबलं तरी वाकेल असं वाटतं. शुद्ध सोन्याचा तोच दोष. अंगावर टिकायला त्याला सोबत लागते.

गर्दी ओसरल्यावर एक बाई आणि एक पुरुष रिकाम्या सोनारशाळेत येतात. ते लुटायला आलेले नाहीत. ते झारेकरी आहेत. जमिनीची माती खरवडतात, राख चाळतात, लाकडी ताटात पाणी घालून हलकं ते वाहू देतात. तळाशी जड ते उरतं. दृष्टीला न दिसणारं सोनं या मातीत आहे, यावर त्यांचा संसार चालतो. पुढे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जायचं आहे, तोवर हे दोघे मनात ठेवा.

मध्ये १८५७ लागतं. वऱ्हाड चार वर्षांपूर्वीच निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं आहे. लंडनमध्ये मायकेल फॅरडे भरल्या सभागृहाला एक लाल पाणी दाखवून सांगतो आहे, की यात सोनं आहे, फक्त इतकं बारीक की त्याचा पिवळेपणा गेला. तुम्ही तिथे थांबत नाही. वाट वाशीमजवळच्या मालेगाव तालुक्यातल्या एका शेताकडे वळते.

जानेवारीची सकाळ. २००५ साल असावं. हरभरा घाट्यांवर आला आहे आणि हिरव्या पट्ट्यात मधेच पिवळे, माना टाकलेले ठिगळ दिसतात. शेतकरी एक झाड उपटतो, विळ्याने मुळापासून उभं चिरतो आणि तुमच्यासमोर धरतो. आत, जिथून पाणी वर चढतं तिथे, तपकिरी-काळी रेघ.

"मर," तो म्हणतो. "पाणी द्या नाहीतर नका देऊ, झाड सुकतेच. औंदा बी घरचंच पेरलं होतं. पुढच्या सालाले जाकी आनतो अकोल्याहून."

जाकी ९२१८ म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं मर सहन करणारं वाण. त्याचा निर्णय बरोबर आहे. या मर रोगाचं कारण म्हणजे फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम नावाची बुरशी. ती मातीत वर्षानुवर्षं राहते, मुळातून शिरते आणि झाडाच्या नळ्या बुजवते. तिच्या अनेक जाती-उपजाती आहेत, कुणी हरभऱ्यावर जगते, कुणी केळीवर, कुणी कशावर. शेतकऱ्याच्या लेखी ती वैरीण, आणि तो खोटं बोलत नाही.

त्याच साली, त्याच नावाची बुरशी पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एका चंबूत वाढते आहे. तुम्ही आता तिथे आहात. रसायनांच्या उग्र वासाऐवजी ओल्या पावसाळी मातीचा वास येतो. हलत्या फळीवर चंबू एका लयीत डुलताहेत. डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी काही वर्षं एका साध्या प्रश्नामागे लागले आहेत. धातूचे नॅनो कण करायला दरवेळी जहाल रसायनं कशाला हवीत? बुरशी करील का, पानांचा काढा करील का?

टेबलावर दोन बाटल्या आहेत. एकीत क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं पाणी, म्हणजे विरघळलेलं सोनं. दुसरीत सिल्व्हर नायट्रेट, स्वच्छ पाण्यासारखं, म्हणजे विरघळलेली चांदी. आणि दोन वाटा आहेत. एका वाटेवर कडुलिंबाच्या पानांचा काढा, दुसऱ्या वाटेवर ही बुरशी.

आधी कडुलिंब. तुमच्या दारातलं झाड, गुढीपाडव्याला ज्याचा पाला चावला जातो. सोन्याचं आणि चांदीचं पाणी एकदमच काढ्यात पडतं. इथे तुम्हाला वर्षांमध्ये मागे जायचं नाही, एका क्षणाच्या आत शिरायचं आहे. तुम्ही लहान होत जाता. मिलीमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तेवढ्या मापाला आलात की पाणी पाणी राहत नाही, धक्काबुक्की होते.

सोन्याचा प्रत्येक आयन तीन इलेक्ट्रॉन मागतो, चांदीचा एकच. पण मागणी किती आणि ओढ किती, या दोन वेगळ्या गोष्टी. सोन्याची ओढ जवळजवळ एक व्होल्टची, चांदीची ०.८० व्होल्टची, तांब्याची ०.३४. काढ्यातले रेणू बेताने इलेक्ट्रॉन देतात, उधळत नाहीत. म्हणून ज्याची ओढ जास्त त्याला आधी मिळतात. सोन्याचे अणू आधी धातू होतात, एकमेकांना धरतात, त्यांचा गाभा बनतो. चांदी मागून येते आणि तयार गाभ्यावर बसते. शास्त्री यांच्या गटाने २००४ साली हेच नोंदलं, की कडुलिंबाच्या काढ्यात आत सोनं आणि बाहेर चांदीचं कवच असलेले कण मिळाले.

इथे थांबा आणि काकांना आठवा. 'कोन आधी आलं, सारं पुसून जाते.' या कणात तर पुसलं गेलेलं नाही. कोण आधी आलं ते आत आहे, कोण नंतर आलं ते बाहेर आहे. झाडाच्या वर्तुळांसारखा काळ या कणात थरांनी साठला आहे.

क्रम उलटा केला तर? समजा चांदीचे कण आधी तयार आहेत आणि सोन्याचं पाणी मागून ओतलं. तेव्हा सोनं शांतपणे वर बसत नाही. ते चांदीकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. तीन इलेक्ट्रॉन हवेत, म्हणून चांदीचे तीन अणू विरघळून बाहेर जातात तेव्हा सोन्याचा एक अणू बसतो. कण आतून पोकळ होत जातो, सोन्याची डबी उरते. तेच दोन धातू, तेच प्रमाण, फक्त कोण आधी याची अदलाबदल, आणि वस्तू निराळीच. मुशीसमोर बसलेल्या कुणाही सोनाराला हे पटायला जड जाईल. त्याच्याकडे चांदी आधी टाका की सोनं, ओत एकच येतो.

आता बुरशीची वाट. चंबूतल्या फ्युजॅरियमला तेच दोन क्षार दिले जातात. ती पाण्यात जे काही सोडते, त्यातली प्रथिनं आणि एनएडीएच नावाचा मदतनीस रेणू मिळून सोनं आणि चांदी दोघांनाही धातू करतात. या वेळी गाभा आणि कवच वेगळे पडत नाहीत. मिश्र कण तयार होतात, ८ ते १४ नॅनोमीटरचे, आणि दीर्घकाळ एकमेकांना न चिकटता पाण्यात तरंगत राहतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात आणखी एक मोलाची गोष्ट होती. कणात सोनं किती आणि चांदी किती, हे एनएडीएच किती आहे यावर अवलंबून राहतं. म्हणजे हिणाचं प्रमाण ठरवणारा तराजू बुरशीच्याच हातात.

मालेगावच्या शेतात झाडाची पाणीवाट बुजवणारी ही जमात आणि पुण्यात सोन्याचा कस ठरवणारी ही जमात, नावाने एकच आहेत. मर पडलेल्या हरभऱ्याची भरपाई यातून होत नाही. तरी हे त्या शेतकऱ्याला सांगावंसं वाटतं, आणि सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मिश्रण झालं की नाही, हे ओळखायचं कसं? कसोटीवर इतका लहान कण घासता येत नाही. इथे रंग साक्ष देतो. पाण्यातले सोन्याचे बारीक कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड गिळतात, म्हणून द्रव लाल दिसतो. चांदीचे कण ४०० च्या आसपासचा जांभळा गिळतात, म्हणून पिवळा. दोन्ही प्रकारचे वेगवेगळे कण एका बाटलीत असतील, तर आलेखावर दोन उंचवटे येतात. खरं मिश्रण असेल तर उंचवटा एकच, दोघांच्या मधे, आणि सोनं वाढवत गेलात की तो सरळ रेषेत सरकतो. अमेरिकेत मुस्तफा अल-सय्यद यांच्या गटाने १९९९ साली हे नीट मोजून दाखवलं. प्रकाशाची कसोटी. रेघ तीच ओढते, दगडाऐवजी कागदावर.

अजून आत चला, एका कणात. दहा नॅनोमीटरच्या कणात सोन्याचे साधारण तीस हजार अणू मावतात. दोन नॅनोमीटरच्या कणात अडीचशेच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर. घरात माणसं थोडी आणि बहुतेक सगळी ओसरीवर बसलेली, असं म्हणा. इथे मग बाहेरच्यांचं म्हणणं घराचा स्वभाव ठरवतं.

तुमच्या शेजारी चांदीचा अणू येऊन बसतो आणि अडचण होत नाही. सोन्याच्या स्फटिकाचं घर ०.४०८ नॅनोमीटरचं, चांदीचं ०.४०९ चं. खांद्याला खांदा लागतो. तांब्याचं घर ०.३६१ चं, बाराएक टक्क्यांनी लहान. ते आलं की आसपास ताण पडतो, आणि त्याच ताणामुळे दागिना कणखर होतो. निकेल त्याहून लहान. तापलेलं असताना ते सोन्यात मिसळतं, निवताना वेगळं होऊ पाहतं. मापावरच सगळं ठरलं असतं तर प्लॅटिनम सोन्यात सहज मिसळलं असतं, कारण मापात ते तांब्यापेक्षा सोन्याच्या कितीतरी जवळ आहे. तसं होत नाही. निवलेल्या ओतात सोनं आणि प्लॅटिनम फुटून निघतात. शेजार नुसत्या मापावर जुळत नाही, इलेक्ट्रॉनांचं आपसात कसं जमतं तेही पाहावं लागतं.

आणि गंमत अशी, की जे धातू मुशीत एकमेकांना धरत नाहीत, ते एवढ्याशा कणात धरतात. सोनं-प्लॅटिनम, सोनं-निकेल, इतकंच काय सोनं-कोबाल्ट. एक कारण म्हणजे घाई. बोरोहायड्राइडसारखं इलेक्ट्रॉन उधळणारं रसायन घातलं तर त्यांचा पूर येतो, कोणाची ओढ किती हे बघायला वेळ उरत नाही, जो जिथे आहे तिथे गोठतो. वत्सगुल्मातल्या सुवर्णकाराने पाण्यात बुडवून जे केलं, तेच हे. दुसरं कारण म्हणजे बाहेरून धरणारे हात. कण उघडा नसतो. सिट्रेट, गंधकाचे थायॉल रेणू, बुरशीची प्रथिनं त्याला लपेटून असतात. थायॉल सोन्याला घट्ट धरतात. आसपास कार्बन मोनॉक्साइड असेल तर सोन्यात दडलेलं पॅलेडियम वर ओढलं जातं. हवेतला ऑक्सिजन तांब्याला बाहेर बोलावतो. बाहेर काहीच नसेल तर चांदी आपसूक पृष्ठभाग गाठते, कारण उघड्यावर राहणं तिला सोन्यापेक्षा स्वस्त पडतं.

मघाशी कडुलिंबाच्या कणात काळ थरांनी साठलेला दिसला होता. तो कायमचा आहे का? २००२ साली अमेरिकेत काही जणांनी सोन्याच्या गाभ्यावर चांदीचं कवच चढवलं आणि कण खोलीच्याच तापमानाला ठेवून दिले. मोठ्या कणांत सीमा जिथल्या तिथे राहिली, फार तर एका थराने पुसट झाली. पण ज्यांचा सोन्याचा गाभा साडेचार नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान होता, त्यांत सोनं आणि चांदी एकमेकांत जवळजवळ पुरते मिसळून गेले. आग नाही, मूस नाही. हजार अंशांच्या आसपास काकांची ज्योत जे करते, ते या कणांनी टेबलावर बसल्या बसल्या केलं. दोन थरांच्या सांध्यावर मोकळ्या राहिलेल्या जागांमधून अणू सरकत गेले, असा त्यांचा अंदाज.

म्हणजे काका सांगतात ते मुशीपुरतं खरं आणि या अतिलहान कणांपुरतंही खरं. मधल्या मापाचे कण तेवढे आठवण धरून राहतात.

"ओ, झोप लागली का?"

ज्योत बंद झाली आहे. बाहेर दिल्ली वेशीकडे जाणाऱ्या ऑटोचा भोंगा वाजतो. काका मूस कलती करतात, ओत साच्यात पडतो, लाल, मग नारिंगी, मग एकदम शांत पिवळा. सांडशीने लगड उचलून ते पाण्यात सोडतात. चर्र आवाज होतो आणि तुम्ही दचकता, कारण हा आवाज तुम्ही सोळाशे वर्षांपूर्वी ऐकला आहे.

पुढच्या खोलीत क्ष-किरणांचं यंत्र आहे. मुलगा लगड त्यात ठेवतो. एका टोकाला आकडा येतो, दुसऱ्या टोकाला तोच, मधे तोच. तांबूस पाटली आणि फिकट पाटली आता कुठल्याच कोपऱ्यात वेगळ्या नाहीत. तरी काका कसोटी जवळ ओढतात. आधीच्या दोन रेघांच्या शेजारी तिसरी रेघ ओढतात. ती दोघींच्या मधल्या रंगाची आहे. तुम्हाला आलेखावरचा तो एकच उंचवटा आठवतो.

काका कुंचल्याने एरणीभोवतीची धूळ गोळा करतात, कसोटीखालचीही, आणि पत्र्याच्या डब्यात झटकतात.

"झारेकरी येईन सोमवारी," ते म्हणतात. मग टेप हातात घेतात.

"माप?"

तुम्ही मनगट पुढे करता.